हद्दीच्या दगडापाशी

"तूच का रे तो, आमची छाया बंद पाडणारा?"

पिसेबाईंनी पाणी विचारायच्या आधी हे विचारलं. मिरजेहून एसट्या बदलत मी माणदेशातल्या खडकमाळ गावी पोचलो होतो. चैत्राचं ऊन डोक्यात गेलेलं, पाठीवर लॅपटॉपची पिशवी, शर्ट अंगाला चिकटलेला. आणि मुळात मी तिथे राजीखुशीनं आलो नव्हतो.

"बंद नाही पाडली बाई," मी म्हणालो. "तिच्या पायाखालची फळी तेवढी काढली."

"म्हणजे पाडलीच की. ये आत. चपला बाहेर. नाव काय तुझं?"

"बशीर शिकलगार."

"तरीच. तोंडाला धार आहे."

बाई भूगोलाच्या शिक्षिका, निवृत्त झालेल्या. तरी शाळेच्या किल्ल्या अजून त्यांच्याच कमरेला. बोलताना समोरच्याकडे अशा बघायच्या की आपला गृहपाठ राहिलाय असं वाटावं. मी शाळेवर आयुष्यभर डाफरत आलेला माणूस, त्यांच्या खुर्चीवर आपोआप सरळ बसलो.

ही गोष्ट जुनी आहे. तेव्हा माझी दाढी काळी होती आणि डोकं आजच्यापेक्षा लवकर फिरायचं. आम्ही काही जण मिळून एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवत होतो. मशीन चालू केल्यावर सगळ्यात आधी जी जागी होते आणि बाकीच्या प्रोग्रामांना अंगाखांद्यावर घेते, ती. आमच्या सिस्टिमचं नाव ओसरी. मराठी, फुकट, कुठल्याही डबड्यावर चालणारी. शाळा, वाचनालयं, ग्रामपंचायती, अशा ज्यांच्याकडे नवं घ्यायला पैसा नाही त्यांच्याकडे ती चालायची.

ओसरीच्या एका भागाला आम्ही माळा म्हणायचो. फार जुने प्रोग्राम नव्या मशीनवर उघडत नाहीत. माळा त्यांना गंडवायचा. तुमचा जमाना अजून सरलेला नाही असं त्यांना भासवायचा, आणि ते बिचारे चालायचे. हा माळा मी एकट्यानं बांधला. मी दहावी नापास. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम करता करता, भंगारात आलेली मशीनं उघडून आणि त्यांची फाटकी पुस्तकं वाचून शिकलो. डिग्रीवाल्यांना माळा बांधता आला नसता असं नाही. त्यांना त्या घाणीत हात घालायचा नव्हता. हे मी तेव्हाही तोंडावर म्हणायचो, आताही म्हणतो.

पण घाण ती घाणच. ओसरीची नवी आवृत्ती निघाली की माळा कोसळायचा आणि मी महिनोन् महिने तो टेकू लावून उभा करायचो. बाकीचे नवंनवं सुंदर काही बनवत असायचे, मी मेलेल्यांच्या खोल्या झाडत असायचो. त्यात एका नगरपालिकेच्या मशीनांमध्ये माळ्याच्या फटीतून व्हायरस शिरला आणि सगळं दफ्तर अडकलं. कुणी फटीबद्दल आधी एक ओळ लिहिली नव्हती. नंतर मात्र माझ्या खानदानासकट उद्धार करणाऱ्या मेल आल्या. फुकट घेणारा माणूस शिव्या द्यायला कंजुषी करत नाही.

म्हणून मीच प्रस्ताव टाकला. माळा पाडा.

हेरंब दाबके आमचा म्होरक्या. पुण्याचा, डॉक्टरेट केलेला, गेली कित्येक वर्षं हेच म्हणत आलेला आणि माझ्याशी त्यावरून भांडत आलेला. त्यानं फोनवर मला प्रस्ताव पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाला, "बशीर, तू म्हणतोयस म्हणजे झालंच. फक्त रीत पाळ."

रीत त्यानंच घालून दिली होती. ओसरीतून काही काढायचं तर आधी सगळ्यांना कळवायचं, चाचणीच्या आवृत्तीतून काढून बघायचं. कुणी आक्षेप घेतला तर काढणाऱ्यानं स्वतः त्या माणसाच्या दारात जायचं. फोन नाही, मेल नाही. त्याच्या शेजारी बसून त्याचं काम बघायचं. त्यानं राजीनं आक्षेप मागे घेतला, तरच काढायचं.

आक्षेप एकच आला. खडकमाळच्या शाळेतल्या मशीनवर कुणीतरी उत्साहानं चाचणीची आवृत्ती टाकून ठेवली होती. तिथून पिसेबाईंनी लिहिलं होतं: "शनिवारी संध्याकाळी रोहिणी आमच्या शिवारावरून जाणार आहे आणि छाया उघडत नाही. कृपया काय ते बघणे."

छाया म्हणजे माळ्यावर चालणारा त्यांचा कुठलातरी जुना प्रोग्राम. मी ते वाचून हसलो होतो. म्हातारीचं डोकं फिरलंय, एवढंच मला वाटलं.

शुक्रवारी दुपारी बाईंनी मला शाळेत नेलं. संगणकाच्या खोलीत एक बाई आधीच जमिनीवर बसली होती. पन्नाशीची, काटक, खांद्यावर घोंगडी, दाराशी काठी टेकवलेली.

"ही भामा काळेल," बाई म्हणाल्या. "मेंढरं राखते. भामे, हा तो पाहुणा."

"ह्योच व्हय?" भामानं मला आपादमस्तक न्याहाळलं. "मला वाटलं मोठा आसंल."

बाईंनी टेबलावरचा दिवा लावला, माझ्या हातात लिंबू दिलं आणि मला भिंतीशी उभं केलं. त्या वयात मी हातात लिंबू धरून वर्गात उभा होतो.

"दिवा म्हणजे रोहिणी," त्या म्हणाल्या. "ती तांबूस चांदणी. लिंबू म्हणजे चंद्र, भिंत म्हणजे आपली पृथ्वी. चंद्र रोहिणीसमोरून गेला की तिचा उजेड अडतो. म्हणजे तिच्या उजेडात चंद्राची सावली पृथ्वीवर पडते. पडली ना भिंतीवर? आता सावलीची कड बघ."

मी बघितली.

"उद्या ती कड आपल्या शिवारातून जाणार. कडेच्या आत उभा राहिलास तर रोहिणी विझेल आणि पुष्कळ वेळानं उगवेल. बाहेर राहिलास तर चंद्राच्या शेजारून नुसती निघून जाईल. पण बरोबर कडेवर राहिलास तर? चंद्राची कड लिंबासारखी गुळगुळीत नाही. तिथे डोंगर आहेत. रोहिणी डोंगराआड विझणार, खिंडीत पेटणार, पुन्हा डोंगराआड विझणार. तू इथे उभा, आणि तिथले डोंगर एकेक करून तुझ्या डोळ्यावरून जाणार."

"आणि असं परत कधी?"

"बारीक चांदण्यांचं आम्ही दुर्बिणीनं खूप वेळा बघितलं, तालुकाभर हिंडून. पण नुसत्या डोळ्यांना दिसेल अशी ठसठशीत चांदणी, आणि तीही आपल्याच शिवारात? माझ्या हयातीत नाही. तुझ्याही नाही."

मी लिंबू खाली ठेवलं. "बाई, एवढ्यासाठी छाया कशाला हवी? परदेशातली एक साइट आहे. हे बघा." मी लॅपटॉप उघडला. नकाशावर तांबडी रेघ आली, खडकमाळवरून आडवी गेलेली. मला माझाच अभिमान वाटला.

बाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं. "छान आहे. आता भामाला सांग, तिनं कुठे उभं राहायचं."

मी आकडे वाचायला लागलो. सतरा पूर्णांक अमुक उत्तर, चौऱ्याहत्तर पूर्णांक तमुक पूर्व.

"ह्यो काय बोलतुया?" भामानं बाईंना विचारलं.

"हे आकडे फोनमध्ये टाकले की..."

"माझ्या फोनात गाणी बी वाजत न्हाईत, पाव्हणं. ताल सांगा, हीर सांगा, बांध सांगा. हुबी ऱ्हाते."

ताल म्हणजे उतारावर माती अडवायला घातलेला दगडी बांध, हे मला मागाहून कळलं. मी वैतागून पेन ड्राइव्ह काढला आणि त्या एका मशीनवर माळा परत चढवला. छाया उघडली. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माझ्या दुकानात भंगारात यायचे तसला प्रोग्राम. बाईंनी तारीख घातली, रोहिणी निवडली. मशीन बराच वेळ कुरकुरलं, आणि मग ओळी उमटू लागल्या. आकडे नव्हतेच. माणसं होती. तुकाराम खाडे, विहिरीचा उत्तरेचा कठडा. सोनाबाई वीरकर, देवळामागची शिळा. भामा काळेल, आंब्याची ताल, वरचं टोक. अशी उत्तरेकडून दक्षिणेकडे माणसांची एक माळच्या माळ, शिवारभर. सगळ्यात शेवटी: दिनकर झिमल, दक्षिण हद्दीचा दगड.

"हे कुणी लिहिलं?"

"दिनकरनंच. मोजणी खात्यात होता. या तालुक्यातला बांध न बांध पायानं मोजलेला माणूस. त्यानं प्रत्येक विहीर, प्रत्येक ताल छायाच्या पोटात घातली. गेल्या थंडीत गेला, रोहिणीची तारीख तेवढी सांगून. त्याचं मशीन पोरांनी विकलं. उरलीय ती एवढी."

त्या विहिरी आणि ताली छायाच्या पोटातून बाहेर काढता येतात का, हे मी तासभर खटपट करून बघितलं. नुसता कचरा बाहेर यायचा. दिनकरनं त्या कुठल्यातरी स्वतःच्याच पद्धतीनं कोंबल्या होत्या. उकलायला मला महिना लागला असता, आणि रोहिणी उद्या होती.

संध्याकाळी शाळेच्या पायऱ्यांवर आमचं जुंपलं.

"एका छायासाठी मी माळा ठेवायचा?" मी म्हणालो. "बाई, त्या माळ्याच्या फटीतून चोर शिरतात. एका जुन्या खोलीपायी अख्ख्या घराचं मागचं दार उघडं राहतं. तुम्हाला चांदण्या बघायच्यात, तिकडे लोकांचं दफ्तर जातं."

"मग दाराला कडी लाव. ज्याला लागेल तो उघडेल. घर कशाला पाडतोस?"

"कडी लावायची कुणी? दर वेळी कोसळतं ते उभं करायचं कुणी? मी एकटा आहे. कुणी विचारतं का मला? माळा चालतो तोवर तो आहे हेही कुणाला ठाऊक नसतं. पडला की बशीर. माझं आयुष्य चाललंय त्यात."

बाई कमरेच्या किल्ल्यांचा जुडगा हातात फिरवत होत्या. भामा खाली मान घालून काठीनं मातीत रेघा ओढत होती. मला वाटलं, जिंकलो.

"बरं," बाई शेवटी म्हणाल्या. "तुझं म्हणणं खोटं नाही. उद्या आमच्यात एक माणूस कमी आहे. दिनकरच्या जागेवर उभा राहा. झालं की मी आक्षेप मागे घेते. तुझ्यासमोर लिहिते."

"लेखी?"

"मास्तरीण आहे मी. तोंडी परीक्षा घेत नाही."

मी हो म्हणालो. एका संध्याकाळच्या बदल्यात सुटका होत होती.

शनिवारी दिवस कलायच्या आत सगळे आपापल्या जागी पांगले. प्रत्येकाच्या हातात थाळी. ही त्यांची पद्धत. रोहिणी विझली की एक ठोका, पेटली की दोन. बाई शाळेच्या गच्चीवर. शेजारी वेळ सांगणारा रेडिओ आणि आवाज टिपायला फोन. गच्चीवर शिवारभरचं ऐकू येतं. कुणाची थाळी पितळी, कुणाची परात, कुणाकडे नांगराचा जुना फाळ. बाईंना आवाजावरून माणूस ओळखू यायचा. मला त्यांनी दिनकरची काशाची थाळी दिली आणि एक लाकडी दांडा.

हद्दीचा दगड माळरानाच्या पार शेवटी. त्याच्या पुढे दुसऱ्या गावाची जमीन. पश्चिमेला डोंगरांची काळी रांग, तिच्यावर अजून रेंगाळणारा उजेड, आणि त्या उजेडाच्या वर चंद्राची आडवी कोर. कोरीच्या पोटात उरलेला गोल अंधुक, राखेच्या रंगाचा. आमच्या गल्लीत ईदच्या आदल्या संध्याकाळी सगळे गच्चीवर चढून चांद बघतात. मी आयुष्यभर चांद बघत आलो होतो, पण तो दिसला की खाली उतरायचो. त्याच्याकडे टक लावून कधी उभा राहिलो नव्हतो. कोरीच्या डाव्या शिंगाच्या किंचित वर एक तांबूस ठिपका होता. रोहिणी.

माझ्या उत्तरेला दोन बांध सोडून भामा. संधिप्रकाशात तिची घोंगडी तेवढी दिसत होती.

"पाव्हणं," तिनं हाक दिली. "ग्वाड वाटतंय न्हवं?"

"दिनकरना इथून काय काय दिसायचं?" मी ओरडून विचारलं.

"काय बी न्हाई."

"म्हणजे?"

"आवो त्यो दर बारीला असाच शेवटाला हुबा ऱ्हायचा. सावलीच्या भाईर. त्याची कदी इझलीच न्हाई. आन मंग मला इचारायचा, भामे, तुजी किती बार इझली? म्या सांगितलं की म्हनायचा, ब्येस झालं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे अख्खं गाव डोंगर बघणार, आणि मिरजेहून ऊन खात आलेल्या मला, माळा पाडायला आलेल्या मला, काहीच न दिसणाऱ्या जागी उभं केलं होतं! बाईंनी माझा बदला घेतला असंच मला वाटलं. मी थाळी काखेत मारली आणि तिच्या तालीकडे चालायला लागलो.

"आरं, आरं! हलू नगा!" भामा एवढ्या जोरात ओरडली की मी थबकलो. "जागंवर जावा मागारी!"

"तिथे काही दिसणार नाही तर उभा कशाला राहू?"

"तुमची इझली न्हाई तरच माजी कड खरी. तुमी हलला तर म्या हितं काय बघितलं त्याला कुनी इचारनार न्हाई. जावा!"

मला तिचं बोलणं पटलं असं नाही. पण त्या आवाजात विनवणी होती, आणि वेळही उरला नव्हता. मी दगडापाशी परत आलो.

ठिपका शिंगाच्या दिशेनं सरकत होता. सरकताना दिसत नव्हता, पण दर वेळी बघितलं की जवळ आलेला असायचा. कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली होती, किंवा मला ऐकू येत नव्हती. मग चंद्राच्या राखाडी कडेत आणि त्या ठिपक्यात बोट घालायला जागा उरली नाही.

टण्.

लांब उत्तरेकडून. एकच ठोका, एवढा बारीक की वाटलं भास झाला. मी रोहिणीकडे बघितलं. माझी तर लखलखीत होती. तिथे कुणासाठी तरी ती विझली होती, आणि माझ्यासाठी नाही. एकाच आभाळात.

टण्, दुसरा. थोडा अलीकडे. मग नांगराच्या फाळाचा बसका आवाज. मग दोन ठोके, कुणाची तरी पेटली. पुन्हा एक. पुन्हा दोन. आता ते अलीकडे येत होते. विहिरीवरून, देवळामागून, ओढ्याच्या काठावरून, पितळ, लोखंड, एकमेकांत मिसळत नव्हते, एकापाठोपाठ एक उठत होते. कुणाचा एक ठोका आणि लांब शांतता: ते मोठ्या डोंगराआड होते. कुणाचे एक-दोन, एक-दोन, असे भराभर: ते शिखरांच्या ओळीखाली उभे होते. मधेच दोन ठोके आले आणि बराच वेळ त्या जागेवरून काही आलं नाही, तेव्हा मला कळलं की ही खिंड आहे. मी खिंड ऐकत होतो. लाखो मैलांवरचे डोंगर, ज्यांना कुणी हात लावलेला नाही, त्यांचे चढउतार खडकमाळच्या माणसांच्या हातांनी माझ्या कानात वाजत होते. ती सावली त्यांच्यावरून सरकत होती, बांध ओलांडत, विहिरी ओलांडत. तिला वजन नव्हतं, वारा नव्हता, पायाखालचं गवतसुद्धा हललं नाही. माझ्या अंगावर काटा उभा राहिला, दाढीतसुद्धा.

मग अगदी जवळ, भामाची परात. एक.

 मी रोहिणीवरून नजर काढली नाही. ती मंदावली. खरंच मंदावली. वात खाली ओढावी तशी तांबडी, बारीक झाली. माझा दांडा वर गेला. सगळं शिवार वाजत होतं, आणि मला वाजायचं होतं. एवढं काहीतरी आयुष्यात मला कधी हवं झालं नव्हतं. एक ठोका मारला असता तर कुणाला कळणार होतं? कोण बघत होतं माझी चांदणी?

ती विझली नाही. बारीक होऊन, लुकलुकून, पुन्हा भरली.

भामाची परात. दोन.

मी दांडा हळूहळू खाली आणला. थाळीला लागू नये म्हणून मी तो अंगापासून लांब धरला होता. त्यानंतर एकेक ठोका मागे मागे जात शिवार गप्प झालं. कोरीच्या शिंगाखाली रोहिणी सगळ्यांसाठी पुन्हा एकच होती.

माणसं आपोआप आमच्या दिशेनं चालत आली. बाई गच्चीवरून उतरून धापा टाकत आल्या. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. थेट माझ्याकडे आल्या.

"तुझी थाळी वाजली नाही."

"नाही."

"विझली नाही?"

"मंद झाली. विझली नाही."

"नक्की? नीट आठवून सांग. एवढंसंसुद्धा नाही?"

"बाई, हात वर नेला होता मी. विझली नाही."

त्यांनी डोळे मिटले. मग वळून सगळ्यांना म्हणाल्या, "भामाची विझली. बशीरची नाही. शिखराचं टोक या दोन बांधांच्या मधे पडलं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.  माणसं त्या दोन बांधांच्या मधल्या कापणी झालेल्या रिकाम्या रानात गेली आणि तिथे उभी राहिली. तुकाराम खाडे खाली वाकून ढेकळांवरून हात फिरवत होता. एका म्हातारीनं पायातल्या वहाणा काढल्या. भामा मधोमध उभी राहून आळीपाळीनं चंद्राकडे आणि जमिनीकडे बघत होती. "हितं," ती म्हणत होती. "हितंच कुटंतरी. आत्ता, आत्ता." मीही त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. मी आयुष्यात कुठल्याही गर्दीत असा उभा राहिलेलो नाही.

घरी आल्यावर बाईंनी शब्द पाळला. माझ्या लॅपटॉपवर एकेक अक्षर शोधत, माझ्यासमोर लिहिलं: "माझा आक्षेप मी मागे घेते. बशीर शिकलगार हे दारात आले होते."

"झालं तुझं काम," त्या म्हणाल्या. "सुटलास."

"बाई, मला त्या जागी का उभं केलंत? खरं सांगा. राग म्हणून?"

"दिनकर म्हणायचा, बाकीच्या जागांवर कुणीही चालेल, सगळ्यांना बघायचंच असतं. शेवटच्या जागेवर आपल्यातला चिवट माणूस पाहिजे. तू काल पायऱ्यांवर ओरडत होतास तेव्हाच मी ठरवलं." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "जेवतोस ना? भाकरी थापलीय."

मिरजेला परत आल्यावर मी छायाचं पोट उकलायला घेतलं. महिना म्हणालो होतो, पावसाळा सरला. दिनकरची प्रत्येक विहीर, प्रत्येक ताल बाहेर काढली आणि छाया नव्यानं लिहिली. तिला आता माळ्याची गरज नव्हती. माळ्याला मी कडी लावली. ज्याला लागेल त्यानं मागून घ्यायचा, एरवी बंद. ते झाल्यावर दाबकेनं सगळ्यांची बैठक लावली. पुण्यात, त्याच्याच घरी. माळा पाडायचा ठराव, आणि मी तो वाचायचा.

"आक्षेप मागे घेतलेला आहे," दाबके म्हणाला. "छायाही बशीरनं नव्यानं लिहिली. म्हणजे कुणाची हरकत नाही. बशीर, वाच."

"हरकत आहे," मी म्हणालो.

"कुणाची?"

"माझी."

खोलीत हशा पिकला. दाबके हसला नाही. "बांधणारा तू, पाडा म्हणणारा तू, आणि हरकतही तुझीच? अरे, आता माळा वापरतं तरी कोण?"

"माहीत नाही."

"मग?"

"माझ्या जागेवरून दिसत नाही, हेरंब. असेल कुणीतरी. नसेलही. पिसेबाईंना तरी चाचणीची आवृत्ती चुकून मिळाली म्हणून आपल्याला त्या कळल्या."

"तुझं आयुष्य जाईल त्यात. हे तुझेच शब्द आहेत, मी जपून ठेवलेत."

"जाऊ दे. वैताग मी तुमच्यावर काढीन, काळजी करू नका."

त्यानं ठराव माझ्याकडून परत घेतला. विद्वान माणूस, पण भला होता. कधी कधी न समजलेली गोष्टही तो खाली टाकत नसे. त्यानं ठराव उलटा करून ठेवला आणि पेन उचललं.

"रीत आहे. हरकतीचं कारण नोंदवावं लागतं. काय लिहू?"



"लिही," मी म्हणालो, "शेवटच्या जागेवर माणूस उभा आहे."